घरचा सर्व्हर इंटरनेटवर आणताना: रिव्हर्स प्रॉक्सीची देवडी

कपाटावर ठेवलेला एक छोटा पीसी, त्यावर डेबियन ही लिनक्स, डेबियनवर डॉकर (प्रत्येक ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) आणि डॉकरमध्ये चार ॲप: फोटोंसाठी इमिच, कागदपत्रांसाठी पेपरलेस, दिवे-पंखे चालवायला होम असिस्टंट आणि सिनेमांसाठी जेलीफिन. प्रत्येकाचा पोर्ट, म्हणजे यंत्रावरचा क्रमांकित दरवाजा, वेगळा. इमिच २२८३ वर, पेपरलेस ८००० वर, होम असिस्टंट ८१२३ वर, जेलीफिन ८०९६ वर. घरच्या वायफायवर सगळं सुरळीत चालतं. अडचण येते ती घराबाहेर पडल्यावर, कारण तेच फोटो आता मोबाइल डेटावरून बघायचे असतात.

पहिला विचार राउटरमध्ये चारही पोर्ट फॉरवर्ड करण्याचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवण्याचा, येतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि चालतंही. पण असं केलं की पासवर्डासकट सगळी वाहतूक उघड्या एचटीटीपीवरून जाते आणि चार ॲपची लॉगिन पानं थेट रस्त्यावर येतात. "माझा पत्ता कोणाला कळणार?" ही समजूत खोटी आहे. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. एक गिगाबिटच्या जोडणीवरून एखाद्या पोर्टसाठी ते सगळे पाऊण तासाच्या आत धुंडाळता येतात, हे झेडमॅप या साधनाने २०१३ मध्येच दाखवून दिलं. घर शोधायला कोणी येत नाही, सगळीच दारं ठोठावली जातात.

जुन्या वाड्याची रचना आठवा. आतल्या खोल्या कितीही असल्या तरी रस्त्यावर उघडणारा मोठा दरवाजा एकच. आत शिरलं की बाजूला देवडी, आणि तिथे बसलेला माणूस विचारणार, "कोणाकडे?" रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे ही देवडी. बाहेरून येणारी प्रत्येक रिक्वेस्ट एकाच ठिकाणी, ४४३ पोर्टवर येते. ब्राउझर जोडणी करतानाच कुठलं नाव हवं ते सांगतो: टीएलएस (एचटीटीपीएसमधलं कूटलेखन) सुरू होताना एसएनआय या भागात, आणि नंतर होस्ट हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्टच्या माथ्यावरच्या नोंदीत. फोटो.उदाहरण.कॉम म्हटलं की इमिच, घर.उदाहरण.कॉम म्हटलं की होम असिस्टंट.

उपमा एका बाबतीत तोकडी पडते, आणि पुढच्या निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात. देवडीवरचा माणूस पाहुण्याला आत सोडतो, प्रॉक्सी सोडत नाही. ती पाहुण्याचा निरोप घेते, स्वतः आत जाते, उत्तर घेऊन परत येते. म्हणजे जोडण्या दोन होतात: ब्राउझर ते प्रॉक्सी ही एक, प्रॉक्सी ते ॲप ही दुसरी. ॲपला पाहुण्याचं तोंडही दिसत नाही.

आधी ठरवा: उघडायचं आहे का?

वापरणारी माणसं घरातलीच चार असतील, तर बाहेरच्या जगासाठी दरवाजा उघडण्याची गरज नाही. वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा खासगी बोगदा, टाका. तो एका यूडीपी पोर्टवर, सहसा ५१८२० वर चालतो आणि योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. होम असिस्टंट आणि पेपरलेस यांची जागा व्हीपीएनच्या आतच. आधार, पॅन, घराचा करारनामा स्कॅन करून ठेवलेली पेटी रस्त्यावर मांडायला सबळ कारण लागतं.

प्रॉक्सी खरी लागते ती समोरच्याच्या फोनवर व्हीपीएन टाकणं शक्य नसतं तेव्हा. लग्नाचे फोटो साताऱ्यातल्या आत्याला आणि न्यू जर्सीतल्या भाच्याला एकाच लिंकवरून दाखवायचे असतील, तर इमिच उघडावं लागेल. तेवढंच उघडा.

राउटरचं पान, प्रॉक्समॉक्स, पोर्टेनर (यंत्रं आणि कंटेनर सांभाळणारी साधनं), नॅसचं (घरच्या साठवण यंत्राचं) व्यवस्थापन पान आणि कुठलाही डेटाबेस मात्र प्रॉक्सीमागेसुद्धा ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने (खंडणीखोर सॉफ्टवेअरने) इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची नॅस यंत्रं गाठून फाइली कुलूपबंद केल्या. दोष यंत्राच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. असा दोष असला की प्रॉक्सी हल्लेखोराची रिक्वेस्टही इमानेइतबारे आत पोचवते, कारण पोचवणं हेच तिचं काम.

पत्ता, नाव, राउटर

सुरुवात एका तपासणीने करा. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) बघा आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा आयपी त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर पुढे जा. राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक आयपी कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा वेळी राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून काही येणार नाही. भारतातल्या घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास आढळतं, आणि संध्याकाळभर राउटरशी झटापट करून झाल्यावर उमगतं. त्यावरचे उपाय शेवटी दिले आहेत.

सार्वजनिक आयपी असेल तर डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) "फोटो" या नावाचा ए-रेकॉर्ड त्या आयपीकडे वळवा. टीटीएल, म्हणजे ही नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, सुरुवातीला ३०० सेकंद ठेवा, म्हणजे चूक दुरुस्त केल्यावर फार वेळ थांबावं लागणार नाही. आयपी बदलता असेल तर तो आपोआप कळवणारा डीडीएनएस क्लायंट लावा. आयपीव्ही६ साठी एएएए-रेकॉर्ड जोडायचा असेल तर एक लक्षात ठेवा: तिथे नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं झाकणारी सोय) नसतं, त्यामुळे अडवणारा फक्त राउटरचा फायरवॉल असतो. तो फायरवॉल बंद असला तर ८००० आणि ८१२३ सुद्धा थेट जगापुढे असतील.

राउटरमध्ये सर्व्हरला कायमचा आतला आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०. मग टीसीपी ८० आणि ४४३ एवढेच त्याच्याकडे वळवा. यूपीएनपी बंद करा, नाहीतर एखादं ॲप तुमच्या नकळत आणखी एक पोर्ट उघडून बसेल.

प्रॉक्सी बसवणं

नावं बरीच आहेत. इगोर सिसोएव यांचं एन्जिनएक्स २००४ पासून आहे, एचएप्रॉक्सी त्याच्याही आधीचं, ट्रॅफिक कंटेनरवाल्यांचं लाडकं. घरच्या कामाला मात्र आमची शिफारस कॅडी, कारण सर्टिफिकेट (एचटीटीपीएसला लागणारं ओळखपत्र) आणणं, त्याचं नूतनीकरण आणि ८० वरून ४४३ वर वळवणं हे ती न सांगता करते. (सूचनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाकायची.)

कॅडीफाइल या फाइलमध्ये आधी फोटो.उदाहरण.कॉम हे नाव, मग महिरपी कंस, आणि कंसात एकच ओळ: रिव्हर्स-अंडरस्कोर-प्रॉक्सी, जागा सोडून इमिचच्या कंटेनरचं नाव, विसर्गचिन्ह (:), २२८३. झालं. दुसऱ्या ॲपसाठी असाच दुसरा तुकडा. प्रत्येक ॲपला स्वतंत्र उपनाव द्या. एकाच नावाखाली /फोटो, /सिनेमा असे मार्ग करण्याचा मोह टाळा. बरीच ॲप स्वतःच्या पानांचे दुवे मुळापासून लिहितात आणि असल्या मांडणीत त्यांची चित्रं, बटणं गायब होतात.

कॅडी कंटेनरमध्ये चालवत असाल तर तिची डेटा ही डिरेक्टरी कायमच्या व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या साठवणीत) हवी. सर्टिफिकेटं तिथेच राहतात. व्हॉल्यूम नसेल तर कंटेनर नव्याने बनवला की ती पुन्हा नवं सर्टिफिकेट मागते, आणि लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था एकाच नावसंचासाठी आठवड्यात पाचच देते. प्रयोग करताना सहाव्यांदा कंटेनर पाडून उभा केला की पुढचं मिळेपर्यंत खोळंबा. चाचणीसाठी त्यांचा स्टेजिंग सर्व्हर आहे, तो वापरा. त्याच्या सर्टिफिकेटवर ब्राउझर भरवसा ठेवत नाही, पण मांडणी बरोबर आहे की नाही ते कळतं.

सर्टिफिकेट देण्याआधी लेट्स एन्क्रिप्ट डोमेन तुमचंच आहे का ते तपासतं. नेहमीच्या पद्धतीत ते ८० पोर्टवर येऊन एक सांकेतिक फाइल मागतं. म्हणून "आम्ही फक्त एचटीटीपीएस वापरतो" म्हणत ८० बंद केला की बऱ्याच मांडण्यांत नूतनीकरण अडतं. दुसरी पद्धत डीएनएसमध्ये टीएक्सटी-रेकॉर्ड लिहून सिद्ध करण्याची. तिला एकही पोर्ट उघडावा लागत नाही, त्यामुळे व्हीपीएनच्या आतल्या ॲपलाही खरं सर्टिफिकेट मिळतं. तारांकित सर्टिफिकेट, म्हणजे सगळ्या उपनावांसाठी एकच, फक्त याच पद्धतीने मिळतं. मात्र कॅडीमध्ये त्यासाठी तुमच्या डीएनएस कंपनीचं प्लगइन घालून कॅडी बांधून घ्यावी लागते.

तारांकित सर्टिफिकेटचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवह्यांत लिहिलं जातं आणि या नोंदी कोणीही वाचू शकतो. पेपरलेस.उदाहरण.कॉम असं सर्टिफिकेट घेतलं की ते नाव जगजाहीर झालं, आणि नोंदवहीवर डोळा ठेवून असलेले बॉट लगेच हजेरी लावतात. तारांकित घेतलं तर वहीत फक्त तारा दिसतो. नाव लपणं म्हणजे सुरक्षा नव्हे, पण वर्दळ कमी होते.

नूतनीकरण हाताने करण्याचे दिवस तसेही संपत आले आहेत. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं सुरुवातीपासून ९० दिवसांची, आणि ब्राउझर व सर्टिफिकेट कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या नियमानुसार १५ मार्च २०२९ पासून कुठल्याच सार्वजनिक सर्टिफिकेटला ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदत नसेल.

मागचं दार

पुढे देवडी बांधली आणि परसदार उघडं राहिलं, अशी गत डॉकरमध्ये हमखास होते. कंपोझ फाइलमध्ये (कंटेनरांची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये) पोर्टच्या ओळीत २२८३:२२८३ लिहिलं की डॉकर तो पोर्ट यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो. "पण यूएफडब्ल्यूच्या फायरवॉलमध्ये फक्त ८० आणि ४४३ ला परवानगी आहे की!" असेल, पण डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या पॅकेट-नियमांत) स्वतःचे नियम लिहितो. कंटेनरकडे जाणारं पॅकेट यूएफडब्ल्यू पहारा देतं त्या इनपुट साखळीतून जातच नाही, फॉरवर्ड साखळीतून जातं. यूएफडब्ल्यू "बंद" दाखवतं आणि पोर्ट सताड उघडा असतो. घरी राउटरचं नॅट आड असतं म्हणून हे लक्षात येत नाही. व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर, मात्र आड काहीच नसतं.

यावर चांगला उपाय असा: एक डॉकर नेटवर्क बनवा, त्यात कॅडी आणि ॲप दोन्ही घाला, आणि ॲपची पोर्टची ओळ सरळ खोडून टाका. एका नेटवर्कमधले कंटेनर नावाने एकमेकांना सापडतात, पोर्ट प्रसिद्ध करावा लागत नाही. कॅडी कंटेनरमध्ये नसून थेट यंत्रावर असेल तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो यंत्रापुरताच उघडेल.

ट्रॅफिकसारख्या प्रॉक्सी कंटेनर आपोआप ओळखतात, त्यासाठी त्यांना डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम देण्याची खिडकी) दिलं जातं. ते "फक्त वाचण्यापुरतं" जोडलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तो शिक्का फाइलला लागतो, सॉकेटमधून जाणाऱ्या हुकमांना नाही. सॉकेट हाती लागलं म्हणजे यंत्राचा रूट (सर्वाधिकार) हाती लागला. रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रोग्रामच्या कमरेला घराच्या सगळ्या किल्ल्या लावू नयेत. लावायच्याच असतील तर मध्ये सॉकेट-प्रॉक्सी ठेवून मोजकेच हुकूम जाऊ द्या. एन्जिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर वापरत असाल तर त्याचं व्यवस्थापन पान ८१ पोर्टवर असतं. तो पोर्ट कधीही फॉरवर्ड करू नका.

पाहुणा कोण, हे ॲपला कसं कळणार

ॲपला पाहुण्याचं तोंड दिसत नाही, त्याच्या लेखी प्रत्येक रिक्वेस्ट प्रॉक्सीच्याच आयपीवरून येते. म्हणून प्रॉक्सी चिठ्ठी जोडते: एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये पाहुण्याचा खरा आयपी, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोमध्ये तो एचटीटीपीएसने आला की एचटीटीपीने. कॅडी हे आपोआप करते आणि बाहेरून कोणी आधीच लिहून आणलेली चिठ्ठी फेकून देते. एन्जिनएक्समध्ये दोन्ही ओळी, आणि होस्ट हेडरचीही, हाताने लिहाव्या लागतात.

पण चिठ्ठीवर विश्वास कोणाच्या ठेवायचा? हेडर कोणीही लिहू शकतो. "मी १२७.०.०.१ वरून आलोय" अशी चिठ्ठी थेट ॲपला देता आली आणि ॲपने ती मानली, तर आतल्या माणसाला मिळणारी सवलत बाहेरच्याला मिळते. म्हणून ॲपमध्ये विश्वासू प्रॉक्सींची यादी असते, तिथे फक्त तुमच्या प्रॉक्सीचा आयपी किंवा त्या डॉकर नेटवर्कचा पट्टा, समजा १७२.१८.०.०/१६, लिहा. चालत नाही म्हणून वैतागून ०.०.०.०/० लिहिणं म्हणजे "कोणाचीही चिठ्ठी चालेल" असा फलक लावणं.

होम असिस्टंट याबाबत कडक आहे. यादीत नसलेल्या प्रॉक्सीकडून चिठ्ठी आली की ते ४०० (चूक दाखवणारा आकडा) देऊन हाकलतं. फाइली ठेवण्याच्या नेक्स्टक्लाउड या ॲपमध्ये अशीच यादी असते. प्रोटोची चिठ्ठी नसेल तर वेगळाच खेळ होतो: ॲपला वाटतं पाहुणा एचटीटीपीने आलाय, ते त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतं, तो पुन्हा प्रॉक्सीतून एचटीटीपीनेच पोचतो, आणि शेवटी ब्राउझर थकून "खूपदा वळवलं" म्हणतो.

फेल-टू-बॅन (पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या आयपीवर बंदी घालणारं साधन) वापरायचं असेल तर ही चिठ्ठी आधी नीट बसवा. नाहीतर दहा चुकीच्या पासवर्डनंतर ते तुमच्या प्रॉक्सीलाच हद्दपार करेल. आणि डॉकरमध्ये ती बंदी डॉकर-यूझर या साखळीत घातली तरच लागू होते, कारण कंटेनरकडे जाणारं पॅकेट फॉरवर्ड साखळीतून जातं, हे वर सांगितलंच.

नेहमीच्या चुका

ब्राउझरमध्ये ५०२ हा त्रुटीचा आकडा दिसला तर प्रॉक्सी जिवंत आहे, ॲपपर्यंत पोचता येत नाही. दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं: कंटेनरमधल्या कॅडीला लोकलहोस्ट:२२८३ असा पत्ता दिलेला असतो. कंटेनरच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. तिथे ॲपच्या कंटेनरचं नाव हवं, आणि पोर्टही बाहेर प्रसिद्ध केलेला नव्हे, आतला. एन्जिनएक्सवर व्हिडिओ चढवताना ४१३ आला तर ती त्याची मूळची १ एमबीची मर्यादा. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ शून्य केली की मर्यादा जाते. ५०४ म्हणजे ॲपने ६० सेकंदांत उत्तर दिलं नाही. पान उघडतं पण आकडे जागचे हलत नाहीत, दिवा लागल्याचं दिसत नाही, तर वेबसॉकेटचे (पान सतत ताजं ठेवणाऱ्या जोडणीचे) अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर पुढे जात नाहीयेत. हीही एन्जिनएक्सचीच तक्रार, कॅडीत आपोआप होतं.

बाहेरून चालतं आणि घरच्या वायफायवरच चालत नाही, हा प्रकार राउटरला स्वतःच्याच सार्वजनिक आयपीकडे वळून येता येत नाही म्हणून होतो. घरातल्या डीएनएसमध्ये, उदाहरणार्थ पाय-होलमध्ये, तेच नाव १९२.१६८.१.१० कडे वळवा.

एचएसटीएस हेडर लावायला घाई करू नका. त्यात ३१५३६००० सेकंद लिहिले की ब्राउझर वर्षभर त्या नावाला एचटीटीपीएसशिवाय हात लावणार नाही. सर्टिफिकेट बिघडलं तर "तरीही पुढे जा" हे बटणही मिळत नाही. ३०० पासून सुरुवात करा.

दारावर आणखी एक कुलूप

ॲपच्या लॉगिनवर भरवसा नसेल तर ऑथेलिया किंवा ऑथेंटिक हा लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम पुढे बसवता येतो. प्रॉक्सी प्रत्येक रिक्वेस्टआधी त्याला विचारते, "हा ओळखीचा आहे का?" दोन टप्प्यांचं लॉगिन एका जागी होतं. पेच मोबाइल ॲपचा. इमिचच्या फोनवरच्या ॲपला उत्तरात डेटा हवा असतो, तिथे ऑथेलियाचं लॉगिन पान आलं की ते गोंधळतं. अशा ॲपला पुढच्या कुलपाऐवजी ओआयडीसीने (एका जागचं लॉगिन दुसरीकडे चालवणाऱ्या पद्धतीने) जोडा, इमिचला ते येतं.

सीजीनॅटवाल्यांसाठी

एक रस्ता कंपनीकडून स्थिर आयपी विकत घेण्याचा. दुसरा क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या टनेलचा: घरातला प्रोग्राम स्वतःहून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे एकही पोर्ट उघडावा लागत नाही. दोन गोष्टी मान्य असतील तरच घ्या. टीएलएस त्यांच्याकडे उलगडतं, म्हणजे मधली वाहतूक त्यांना वाचता येते. आणि फुकट योजनेत एका रिक्वेस्टमध्ये १०० एमबीच चढवता येतं, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकतो.

तिसरा रस्ता कष्टाचा, पण सगळ्या चाव्या आपल्याकडे. सगळ्यात लहान व्हीपीएस घ्या, १ जीबी मेमरी भरपूर झाली. घरून त्याच्याकडे वायरगार्डची जोडणी करा, घरच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर नॅट निजलेली जोडणी विसरून जातं. आता कॅडी कुठे? व्हीपीएसवर ठेवली तर सोपं, पण सर्टिफिकेटची खासगी किल्ली भाड्याच्या यंत्रावर राहते. घरी ठेवायची असेल तर व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी फक्त एसएनआय वाचून बंद पाकीट पुढे ढकलेल. मग पाहुण्याचा खरा आयपी हरवतो, कारण बंद पाकिटात हेडर घालता येत नाही. त्यासाठी प्रॉक्सी प्रोटोकॉल (पाकिटाबाहेर पत्ता चिकटवण्याची पद्धत) दोन्हीकडे चालू करा. फक्त व्हीपीएसच्या बाजूला केला तर प्रत्येक जोडणी तुटते.

बाहेर उभं राहून बघा

सगळं झाल्यावर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. दुसऱ्या जागेवरून एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने आपल्या आयपीचे सगळे ६५,५३५ टीसीपी पोर्ट बघा. ८० आणि ४४३ सोडून काही उघडं दिसलं तर आधी ते शोधा. मग एचटीटीपीएस लावून नावाऐवजी नुसता आयपी टाका: टीएलएसची जोडणीच तुटली पाहिजे. एन्जिनएक्समध्ये नाव जुळलं नाही तर फाइलमधला पहिला तुकडा उत्तर देतो, म्हणून तिथे एक डीफॉल्ट तुकडा लिहून त्यात एसएसएल-रिजेक्ट-हँडशेक चालू करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी लॉग उघडा. वर्डप्रेसचं लॉगिन पान, डॉट-एन्व्ह, डॉट-गिट असल्या तुमच्याकडे नसलेल्या गोष्टी मागणाऱ्या ओळींची रांग दिसेल. त्यांच्यापुढे ४०४ (सापडलं नाही) असेल तर चहा घ्या. एखाद्या ओळीपुढे २०० (मागितलेलं दिलं) दिसला तर त्या रिक्वेस्टला नेमकं काय पाठवलं गेलं ते लगेच बघा. काही ॲप कुठल्याही अनोळखी मार्गाला आपलं मुखपृष्ठच देतात, तसं असेल तर ठीक. डॉट-एन्व्ह खरंच गेली असेल तर आधी दार बंद करा, मग त्या फाइलमधला प्रत्येक पासवर्ड बदला.